तुरटीने बोअरचं पाणी सॉफ्ट होत नाही हो!

"फिशटँकचं जड पाणी 10 रुपयांत सॉफ्ट करा, तुरटी टाका, उकळा, लिंबू-व्हिनेगर नाहीतर खायचा सोडा घाला" असा मेसेज चारपाच ग्रुपवर दिसला तेव्हा सोडून दिला होता. पण परवा तो भाच्यापर्यंत पोचला आणि पठ्ठ्याने 40 लिटरच्या टँकमध्ये चमचाभर तुरटीची पूड टाकली सुद्धा. सकाळी ताईचा फोन, अरे मासे वर येऊन तोंड उघडतायत. अर्धं पाणी बदलायला लावलं, तरी दोन मॉली गेल्याच.

तुरटीने गढूळ पाणी निवळतं, आजी हंड्यात फिरवायची ती त्यासाठी. जडपणा म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, ते तुरटीने तसूभर कमी होत नाही. आता हिशोब करा, चमचाभर म्हणजे 5 ग्रॅम धरली तर 40 लिटरमध्ये लिटरमागे साधारण 7 मिलिग्रॅम अ‍ॅल्युमिनियम झालं, आणि पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) मानक (आयएस 10500, 2012) माणसांसाठी फार तर 0.2 चालवून घेतं! त्यातलं बरंचसं पांढरा गाळ होऊन खाली बसतं हे कबूल, पण बसायच्या आधी तोच गाळ माशांच्या कल्ल्यांना चिकटतो त्याचं काय? वर मेसेजमध्ये काचेसारख्या पाण्याचा फोटो. अहो स्वच्छ दिसणं वेगळं, सॉफ्ट होणं वेगळं.

पाणी उकळा म्हणतात ते मात्र अर्धं खरं आहे, मान्य करतो. बायकार्बोनेटवाला जडपणा उकळल्यावर खाली बसतो, गीझरच्या कॉइलवर जमतो तोच पांढरा थर. सल्फेट-क्लोराइडवाला तसाच राहतो. आणि 40 लिटर पाणी गॅसवर उकळायचं, तेही 10 रुपयांत?

लिंबू-व्हिनेगरने पीएच (पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा, आंबट झालं की तो उतरतो) धाडकन खाली येतो आणि थोड्या वेळात परत चढतो, कॅल्शियम आहे तिथेच. खायच्या सोड्याने तर पीएच वाढतोच.

मुळात भाच्याकडे गप्पी आणि मॉली, त्यांना जडच पाणी मानवतं. बीआयएसच्या त्याच मानकात जडपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालतो असं आहे, म्हणजे आपण पितो त्या बोअरच्या पाण्यात गप्पी मजेत राहतात. डिस्कस वगैरे सॉफ्ट पाणी लागणारे मासे पाळायचेत तर पहिले एकदोन पाऊस सोडून गच्चीवरचं स्वच्छ पावसाचं पाणी धरा नाहीतर आरओचं मिसळा, 400 जडपणावाल्या पाण्यात निम्मं मिसळलं की जडपणा 200 च्या आसपास येतं, फक्त एकदम नको, दर आठवड्याला थोडं थोडं. आणि आरओच्या वेस्ट पाइपचं पाणी टँकमध्ये सोडू नका, सगळे क्षार त्यातच जातात.