खुलासा : कापडधंदा ‘संपाने गुजरातेत’ गेला का?

‘दत्ता सामंतांच्या संपाने मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या आणि महाराष्ट्राचा कापडधंदा गुजरातेत गेला,’ असा मेसेज फिरतो आहे. त्यात तथ्य अर्धवट आहे.

18 जानेवारी 1982 ला कामगार नेते सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, हे खरं. तो चिघळला, हजारोंना परत घेतलंच नाही, हेही खरं. पण बऱ्याच गिरण्यांचे भोंगे पुढेही वाजत होते; 1983 मध्ये 13 गिरण्यांचा ताबा केंद्र सरकारने घेतला.

आता गुजरात. त्याच काळात अहमदाबादच्या गिरण्याही धडाधड बंद पडत होत्या, तिथे तर सामंत नव्हते! मुंबईचं काम मोठ्या प्रमाणात गेलं भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर, म्हणजे राज्यातच. कापड विणलं जात राहिलं; गेली ती पक्की नोकरी. गिरणीत आठ तासांची पाळी, प्रॉव्हिडंट फंड, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड. यंत्रमागावर बारा तास, मीटरवर मजुरी आणि मस्टरवर (हजेरीपटावर) बहुतेकदा नावच नाही. राज्याच्या उत्पादनाच्या आकड्यात हा फरक दिसत नाही, गिरणगावातल्या, म्हणजे मुंबईच्या गिरणी वस्तीतल्या, घरांत दिसला.

आणि जमिनीचं काय? मुंबईच्या 1991 च्या विकास नियमाने गिरणीची जमीन विकसित करताना तिचा एक तृतीयांश वाटा महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला (सरकारी गृहनिर्माण संस्थेला) मिळायचा होता. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेपुरती उरली. मेसेज लिहिणाऱ्याला हे सोयीस्करपणे आठवलेलं दिसत नाही.