फोटो बघून डोंगर ठरवू नका

एप्रिल उजाडला की मुंबईहून मेसेज सुरू होतात. मुलुंडचा मावसभाऊ, दादरच्या जुन्या ट्रेकिंग ग्रुपमधली मंडळी, कुणाची तरी नवी सून. "ताई, मेच्या सुट्टीत स्वित्झर्लंडला येतोय, हा डोंगर करायचाच आहे." सोबत एक फोटो असतो, आणि बहुतेक वेळा तो एकच असतो: उभ्या कड्याच्या पोटाला चिकटलेलं लाकडी घर. अपेनझेल भागातलं हे एशर नावाचं उपाहारगृह. त्याच्या फोटोंमुळे गर्दी इतकी वाढली की 2018 मध्ये ते चालवणाऱ्या कुटुंबाने हात टेकले आणि घर सोडलं.

या मेसेजना माझं उत्तर ठरलेलं असतं. फोटो बाजूला ठेवा. बरोबर कोण कोण येतंय, त्यांचे गुडघे कसे आहेत, पायात बूट कुठले असतील आणि तारखा कुठल्या, एवढं आधी सांगा. काहींना हे रुक्ष वाटतं. पण डोंगर निवडायचा तो असाच, असं मला इथे राहून अधिकाधिक पटत चाललंय.

तारखांचंच बघा. आपल्या शाळांची सुट्टी मे महिन्यात, आणि आल्प्सच्या उंच वाटांवर तेव्हा बर्फ असतो. ग्रिंडेलवाल्डच्या वरचं 2,681 मीटरचं फाउलहॉर्न फोटोत हिरवंगार दिसतं, कारण तो फोटो जुलै-ऑगस्टमधला असतो. जूनच्या उत्तरार्धापर्यंत तिथल्या वाटा बर्फाखाली असू शकतात. शिवाय वसंतात बऱ्याच केबल कार देखभालीसाठी बंद असतात. मेमध्ये येणाऱ्याने खालचे, दक्षिणेकडे तोंड असलेले उतार शोधावेत. तेही काही कमी देखणे नाहीत.

मग प्रश्न वाटेचा. इथे चालण्याच्या वाटा 65 हजार किलोमीटरच्या आसपास आहेत आणि त्यांची प्रतवारी रंगांवरून कळते. नुसती पिवळी पाटी असेल तर साधी वाट, आजीलाही चालेल अशी. पाटीच्या टोकाला पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला की डोंगरवाट: चढ, अरुंद टप्पे, कुठे साखळी, पायात पकड असलेले बूट हवेतच. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे सुट्या दगडांचा घसारा, कातळ, क्वचित हिमनदी. ती सरावलेल्या माणसांची वाट. पाटीवर अंतर नसतं, वेळ असते, तीही विश्रांती न धरता. तासाभराची वाट लिहिली असेल तर मुलांना घेऊन दीड तास धरावा.

एशरच्या वर, एबेनआल्पला, केबल कार जाते. उंची साधारण 1,640 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईएवढीच. चढायचे श्रम नाहीत म्हणून लोक चपला घालून येतात आणि गुहेतून एशरकडे उतरू लागतात, कुणी पुढच्या कड्यांकडे निघतात. वाटेवर लाल पट्टा असतो, पण तो वाचतं कोण? या भागात पाय घसरून माणसं गेली आहेत. अशी बातमी इथल्या पेपरात वाचली की मला लोणावळा आठवतं.

30 जून 2024 ला भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश निघाले. दर पावसाळ्यात हेच होतं. अपघात, बंदी, आणि मग वाद: प्रशासन म्हणतं लोक ऐकत नाहीत, ट्रेकर म्हणतात मूठभरांच्या बेफिकिरीची शिक्षा सगळ्यांना का, आणि पायथ्याच्या गावातला खानावळवाला विचारतो की माझ्या हंगामाचं काय. जुलै 2025 मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेल्यापासून या वादात गर्दीची भीती मिसळली आहे. राजगडाच्या रोपवेवरून तर दोन तट पडलेलेच आहेत.

माझं मत स्पष्ट आहे. सरसकट बंदी हा उपाय नाही. ओढ्याकाठी भिजायला आलेलं कुटुंब आणि घाटवाटेने चढणारा ट्रेकर यांना एकच आदेश लागू होतो, कारण कुठली वाट किती अवघड हे सांगणारी यंत्रणाच आपल्याकडे नाही. नाशिककडच्या हरिहर गडाच्या त्या उभ्या कातळकोरीव पायऱ्यांवर पहिल्यांदाच डोंगर चढणारा माणूस रविवारी सकाळी अडकतो, खालून शंभर जण येत असतात, आणि त्याला पायथ्याशी कुणीही सांगितलेलं नसतं की बाबा रे, ही वाट तुझी नव्हे.

"स्वित्झर्लंड श्रीमंत आहे, त्यांना जमतं," हे उत्तर मला पटत नाही. इथल्या पिवळ्या पाट्यांचं काम 1934 च्या सुमारास मोटारींनी रस्ते व्यापल्यावर पायी चालणाऱ्यांच्या संघटनेतून सुरू झालं. घटनेत या वाटांना स्थान मिळालं ते 1979 च्या जनमतानंतर. आधी माणसं, मग कायदा. आणि माणसं आपल्याकडे कमी आहेत का? मुलुंडच्या गिरिमित्र या गिर्यारोहकांच्या संमेलनाला वर्षानुवर्षं भरणारं सभागृह मी पाहिलंय. लोणावळ्याच्या शिवदुर्ग या बचाव पथकाची मुलं रात्री-अपरात्री दरीत उतरून परक्या माणसाला वर आणतात, तेही स्वतःची नोकरी-धंदा सांभाळून. इथे हेलिकॉप्टर मिनिटांत येतं हे खरं, पण विमा नसला की बिलही येतं. येणाऱ्या प्रत्येकाला मी प्रवास विम्यात डोंगरातली सुटका धरली आहे का हे तपासायला लावते.

आणखीही गोष्टी आपल्या उजव्या आहेत. कसाऱ्याची पहिली लोकल पकडून थोडक्या पैशांत दिवसभर सह्याद्रीत हिंडता येतं. राजमाचीच्या उधेवाडीत चुलीवरची भाकरी, पिठलं आणि "ताई, अजून घ्या" असा आग्रह. इथल्या डोंगरातल्या सूपच्या वाटीत तो नाही. गर्दीला वेसण घालायचे मधले मार्गही आहेत. जपानने 2024 पासून फुजीच्या योशिदा वाटेवर दिवसाला चार हजार जणांची मर्यादा घातली, शुल्क लावलं, आणि 2025 मध्ये शुल्क चारही वाटांवर आणलं. डोंगर बंद नाही केला, रात्री न थांबता धावत चढणाऱ्यांना अडवलं. हरिहरला शनिवार-रविवारी असं का होऊ नये? शुल्क मात्र पायथ्याच्या गावाच्या हातात पडावं.

आपल्याकडे अशा पाट्या लावताना फक्त एक विनंती, गडांच्या दगडांवर ऑइलपेंटचे बाण नकोत. खांब रोवा, लाकडी पाटी लावा, तटबंदीला हात लावू नका.

मेमध्ये येणाऱ्यांना मी बहुधा रिगी हा डोंगर सुचवते. 1871 ची दातेरी रेल्वे वर नेते. कुल्म या माथ्याच्या खाली काल्टबाडहून शाइडेगकडे बंद पडलेल्या जुन्या रेल्वेमार्गावरून सातेक किलोमीटरची जवळजवळ सपाट वाट आहे: एक लहानसा बोगदा, एक लोखंडी पूल, खाली तळी आणि समोर बर्फाच्या रांगा. माथेरानच्या रुळांवरून चाललेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. निघायच्या दिवशी सकाळी वाट खुली आहे ना आणि खाली यायची शेवटची गाडी कितीची, एवढं बघून घ्यावं.

आणि मुंबईतल्या क्लबांनी या पावसाळ्याआधी एकच वाट हाती घ्यावी. बारी गावातून कळसूबाई. गावकऱ्यांना बरोबर घेऊन वेळा मोजाव्यात, शिड्या कुठे, पावसात निसरडं कुठे, अंधाराआधी परतायला किती वाजता मागे फिरायचं, हे मराठीत मोठ्या अक्षरांत पायथ्याशी लिहावं. वन खात्याकडे परवानगीचा अर्ज आजच करता येईल.