गाणं मध्येच बंद केलं त्यांनी

आज ऑफिसच्या कॅबमध्ये माझा फोन ब्लूटूथला जोडलेला होता. बाहेर धो धो पाऊस, बाणेर रोड तुंबलेला. मी 'एंडलेस रेन' लावलं, एक्स जपान या जपानी रॉक बँडचं. जेमतेम सुरू झालं असेल, मागून एकजण म्हणाला, "काय हे रडकं! भाषा तरी कळते का तुला?" आणि पुढच्याने सरळ हात लांब करून बंद केलं. ड्रम्स अजून आलेही नव्हते. दोन मिनिटांत तिथे कुठलं तरी लग्नातलं गाणं धडधडायला लागलं.

मला संताप आला. अजूनही गेलेला नाही.

बाबा गेले तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. तेरावं होईपर्यंत मी रडलो नाही. येणारा प्रत्येक माणूस पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "आता तूच आईला सांभाळायचंस." त्या रात्री गॅलरीत बसून हे गाणं ऐकत होतो. आधी एकटा पियानो. मग गायक तोशीचा तो उंच, कडेला फाटत जाणारा आवाज. आणि मग ड्रम्स आले तेव्हा आतलं काहीतरी सुटलंच. आई बाहेर आली, काही न बोलता एक इअरफोन स्वतःच्या कानात घातला. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "याचं कुणी गेलंय का रे?"

तिला जपानी येत नाही. धृपद इंग्रजीत आहे, तेही तिला कळलं नसणार.

गाणं लिहिणारा योशिकी. तो दहा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली होती. हे मी कितीतरी नंतर वाचलं. गाणं त्यावरच आहे असं मी म्हणत नाही. पण आईला जे ऐकू आलं ते कॅबमधल्या एकालाही ऐकू येऊ नये?

मान्य, गाणं भडक आहे. सगळंच टोकाला नेलेलं, पियानो, ते रंगवलेले उभे केस, सगळं. ज्याला आवडत नाही त्याला नसेल आवडत. पण म्हणून मध्येच तोडायचं? हिदेचा गिटार यायच्या आधी? तो गिटार रडत नाही, गातो. वेगाने बोटं नाचवायची कला त्याच्या हातात होती, तरी इथे एकेक सूर सावकाश ठेवत जातो. मे १९९८ मध्ये हिदे गेला, ३३ व्या वर्षी. बँड तर आधीच, १९९७ च्या शेवटच्या रात्री टोकियो डोममध्ये वाजवून थांबला होता. २००७ मध्ये बाकीचे परत एकत्र आले. मैफलीत या गाण्याला वाद्यं थांबायची आणि धृपद हजारो लोक गायचे, पुन्हा पुन्हा, कुणालाच संपवायचं नसायचं. कुणी उठून म्हणायचं नाही की काहीतरी चांगलं लावा.

आपल्याकडे दुःखाला तेरा दिवस देतात. कॅबमध्ये एक मिनिटही नाही.

जाऊ दे. त्या पोरांचा राग धरून काय करू, चोवीस-पंचवीसची आहेत. त्यांच्यावर अजून ती रात्र आलेली नाही, आणि येऊही नये लवकर.

घरी आल्यावर स्पीकरवर लावलं, पहिल्यापासून. आई आत मेथी निवडत होती. धृपद आलं तसा तिचा हात थांबला.

"तेच ना?"

"हो आई, तेच."

"राहू दे मग."