‘भाकरी-ठेचा ही आमची निवड नव्हती’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार ताई,

‘पन्नास रुपयांत दिवसभराचे वीगन जेवण’ (वीगन म्हणजे मांस-अंड्यांबरोबरच दूध-तूपही वर्ज्य असलेले) या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी तीन-चार वेळा वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण आपले बरेचसे आक्षेप खरे आहेत आणि ते घाईघाईने मान्य करून मोकळे होणे मला योग्य वाटत नव्हते. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा गाभा असा. आपण मराठवाड्यात पंचवीस वर्षे अंगणवाडीत काम केले. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आई खडी फोडायच्या कामावर होत्या आणि मिलोची (तेव्हा परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी व मिरचीचा ठेचा खाऊन त्यांनी ते दिवस काढले. ‘दूध-तूप आमच्या ताटात नव्हते कारण ते परवडत नव्हते, आणि तुम्ही त्याच ताटाला आरोग्याचा खजिना म्हणता,’ असे आपण लिहिले आहे. ब-१२ जीवनसत्त्वाबद्दल मी चुकीची माहिती दिली, आणि पन्नास रुपयांच्या हिशेबात गॅस, दळण व बाईचे कष्ट धरलेच नाहीत, हे आपले पुढचे आक्षेप.

‘आजीच्या ताटातला खजिना’ हे उपशीर्षक मी काढून टाकले आहे. ज्या ताटाला पर्याय नव्हता त्याचे कौतुक करण्याचा अधिकार, दुकानात उभे राहून वस्तू निवडू शकणाऱ्या माणसाला नाही, हे आपले म्हणणे मला पूर्ण पटते. मी प्राणिजन्य पदार्थ सोडले ते विचारपूर्वक, आणि उद्या वाटले तर पुन्हा घेऊ शकते. आपल्या आईंना ती मुभा नव्हती.

मात्र एका बाबतीत मला आपल्यापेक्षा वेगळे वाटते. त्या ताटात दूध नव्हते हे खरे, पण मला त्याहून मोठी उणीव दिसते ती डाळीची. ज्वारी असो की मिलो, धान्याच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. मटकी, हुलगे, हरभरा, तूर यांत ते भरपूर असते, आणि डाळींत जे कमी पडते ते धान्यात मिळते. म्हणून भाकरीसोबत उसळ किंवा पिठले असेल तर दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात. भाकरीसोबत नुसती मिरची असेल तर पोट भरते, पण दिवसभर हातोडा चालवणाऱ्या शरीराची झीज भरून येत नाही. १०० ग्रॅम मटकीत सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. आमच्या वाण्याकडे ती किलोला १२० रुपये आहे, म्हणजे माणशी ५० ग्रॅमची उसळ सहा रुपयांत होते. हे सहा रुपयेही ज्या घरात रोज निघत नाहीत, त्या घराला वीगन आहाराचा सल्ला देणे क्रूरपणाचे आहे. अशा घरातल्या मुलाला अंगणवाडीत किंवा शाळेत अंडे वा दूध मिळत असेल तर ते मिळालेच पाहिजे. माझा लेख त्या घरासाठी नव्हता, आणि हे मी लेखातच स्पष्ट लिहायला हवे होते.

आता ब-१२. ‘इडली, आंबोळी, मोडाची कडधान्ये यांतून ब-१२ ची गरज बऱ्यापैकी भागते’ असे मी लिहिले होते. ते चूक आहे. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात, आणि आपल्याला ते मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळते. मोड आल्याने किंवा पीठ आंबल्याने ते गरजेइतके तयार होते असे मानायला आधार नाही. स्पिरुलिना या शेवाळातही ब-१२ चे बहुतांशी शरीराला उपयोगी न पडणारे रूप असते. ही चूक अधिक गंभीर अशासाठी की ब-१२ चा साठा यकृतात काही वर्षे पुरू शकतो, त्यामुळे आहार बदलल्यावर पहिली दोन-तीन वर्षे माणूस ठणठणीत असतो आणि ‘मला तर काहीच झाले नाही’ असे सांगत फिरतो. नंतर थकवा येतो, हातापायांना मुंग्या येऊ लागतात, आणि दुर्लक्ष झाले तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. पालेभाज्या-डाळींतून फोलेट हे ब गटातले दुसरे जीवनसत्त्व भरपूर मिळत असल्यामुळे, ब-१२ च्या कमतरतेत एरवी होणारा रक्तक्षय दिसत नाही आणि निदान आणखी लांबते. मी स्वतः डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी नियमित घेते, आणि तरीही लेखात ते लिहिले नाही. लेख स्वयंपाकघराविषयी आहे, औषधाच्या डब्याविषयी नाही, असे तेव्हा मनात होते. वाचकाच्या दृष्टीने तो अर्धवट सल्ला होता. वीगन आहार घ्यायचा तर ब-१२ बाहेरून घ्यावेच लागते, हे वाक्य आता लेखाच्या सुरुवातीलाच आहे. दूध पिणाऱ्या शाकाहारी माणसांतही याची कमतरता पुष्कळ आढळते, म्हणून त्यांनीही एकदा तपासणी करून घ्यावी.

कॅल्शियमबद्दल आपण एकच ओळ लिहिली, पण तीही महत्त्वाची आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. पेलाभर दुधातून साधारण २४० मिलिग्रॅम मिळते. १०० ग्रॅम नाचणीत ३५० च्या आसपास असते, तर ज्वारीत त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकेही नसते. दूध बंद करून भाकरी ज्वारीचीच ठेवली तर हिशेब कधीच जमणार नाही. आमच्याकडे दिवसातून एक भाकरी नाचणीची असते, तिळाची चटणी रोज असते, आणि शेवग्याचा पाला आठवड्यातून दोन-तीनदा डाळीत पडतो. एवढे करूनही काही दिवशी आकडा गाठला जात नाही, हे मी वही मांडून पाहिले आहे.

कष्टांविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण आपल्या प्रतिक्रियेतला हा भाग मला सर्वांत जास्त लागला. लेखात मी शेंगदाण्याच्या दह्याची कृती दिली होती आणि ‘दहा मिनिटांत’ असे लिहिले होते. त्या दह्याचे प्रत्यक्षात काय होते ते सांगते. रात्री वाटीभर शेंगदाणे भिजत घालायचे. सकाळी दोन-तीनदा पाणी बदलून चोळायचे, म्हणजे सालांचा तुरटपणा जातो. मिक्सरमध्ये अगदी गंधासारखे वाटून, तीन वाट्या पाणी घालून, जुन्या सुती पंचातून पिळून घ्यायचे. मनगट भरून येईपर्यंत पिळावे लागते. ते दूध मंद आचेवर ठेवून सतत ढवळायचे, कारण हात थांबला की ते तळाला लागते. कोमट झाल्यावर हिरव्या मिरच्यांची चार-पाच देठे त्यात बुडवायची, देठांवरचे जिवाणू विरजणाचे काम करतात. पहिल्या खेपेचे दही पातळच होते, त्यातले चमचाभर घेऊन दुसऱ्यांदा लावले की बरे लागते. उरलेला चोथा थालिपिठाच्या पिठात जातो. वीस रुपयांत अर्धा लिटरच्या आसपास दही होते, पण सगळे मिळून पाऊण तास जातो, चार भांडी आणि एक पंचा धुवावा लागतो, आणि दुधाच्या दह्यातले कॅल्शियम त्यात नसतेच. ज्या घरी बाई सकाळी सहाला कामावर निघते, तिने हे करावे असे मी म्हणणार नाही. तिने कोकमाचे सार करावे, किंवा कैरीच्या दिवसांत पन्हे करावे, आणि दह्याची जागा रिकामीच ठेवावी. बदामाचे दूध, वीगन चीज वगैरे तर तिने विसरून जावे, त्यावाचून या आहाराचे काहीही अडत नाही.

आमच्या घरी मटकी भिजवणे, फडक्यात बांधणे आणि दळण आणणे ही कामे आता नवऱ्याकडे आहेत. सासऱ्यांचा चहा दुधाचाच होतो आणि त्यांना कोणी काही म्हणत नाही. लहान मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्या आहाराबद्दल मी काहीही सांगू इच्छित नाही. तो निर्णय आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावा, असे लेखात नव्याने लिहिले आहे.

राहिला पन्नास रुपयांचा हिशेब. ज्वारी किंवा नाचणी २०० ग्रॅम, तांदूळ, तुरीचे वरण, मटकीची उसळ, अर्धी जुडी पालेभाजी, मूठभर दाण्याचे कूट, तेल, मीठ-मसाला, लिंबू आणि एक केळे किंवा पेरू, एवढे आमच्याकडच्या भावाने पन्नास-बावन्न रुपयांत बसते. आपण म्हणालात तसा मी सिलिंडर धरला. चार माणसांत तो दीड महिना जातो, म्हणजे माणशी दिवसाला पाच रुपये. दळणाचे आणि ब-१२ च्या गोळीचे मिळून आणखी तीन-चार रुपये. आकडा साठावर जातो. चार माणसांच्या घरात हा फरक महिन्याला १२०० रुपयांचा आहे, आणि एवढे पैसे कोणत्याही साध्या घराला जड जातात. लेखाचे शीर्षक मी बदलून ‘साठ रुपयांत’ केले आहे. कष्टांचे पैसे त्यात अजूनही धरलेले नाहीत, आणि तसे शीर्षकाखालीच लिहिले आहे.

आपण ओझरता उल्लेख केलेले हुलग्याचे माडगे मला करून पाहायचे आहे. हुलगे आधी भाजून मग भरडायचे की भिजवून शिजवायचे, आणि आपल्याकडे त्यात गूळ घालतात की नाही, एवढे कळवाल का?