नात इंग्रजीत चिडते, बरं मग?

पहिलीपासून हिंदी आणण्याचा निर्णय सरकारने २०२५ च्या जूनअखेर मागे घेतला, पण आमच्या दादर-परळच्या नातेवाइकांतला भाषेचा वाद काही मिटलेला नाही. आता तो घरातल्या पोरांवर आलाय. मावशीची तक्रार अशी, की नात चिडते तीसुद्धा इंग्रजीत. ‘आजी, तू मला इरिटेट करतेस’ म्हणते. म्हणजे मराठी संपली, हा मावशीचा निकाल.

मी नॉटिंगहॅमला राहतो आणि मला हा निकाल मान्य नाही. इंग्रजीत चिडण्याच्या शब्दांना तोटा नाही: ग्रम्पी, क्रँकी, टेची, मिफ्ड, स्ट्रॉपी. भुकेने डोकं फिरलं तर हँग्री. तो तर २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशातही गेला. पण यातले निम्मे शब्द राग दाखवायला नव्हे, झाकायला वापरतात. इथला साहेब ‘मी जरासा मिफ्ड आहे’ म्हणाला, की समजावं, प्रकरण पेटलंय.

मावशीची नातही तेच करते. ‘मला तुझा राग आलाय’ असं आजीला तोंडावर म्हणायची तिची छाती नाही. इरिटेट म्हटलं की धार कमी होते. मुंबईत मोठी माणसं तरी वेगळं काय करतात? ऑफिसात ‘फ्रस्ट्रेट झालोय’, घरी आल्यावर ‘वैतागलोय’. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये पायावर पाय पडला तर मात्र कोणी इरिटेट होत नाही. तिथे थेट ‘ओ, दिसत नाही का?’ आणि पुढचं इथे छापण्यासारखं नाही.

मला सलतं ते वेगळंच. नॉटिंगहॅमकडे कुरकुऱ्या, रुसक्या माणसाला ‘मार्डी’ म्हणतात. हा अस्सल इकडचा बोलीतला शब्द, पण कोणाला त्याची लाज नाही. आजोबाही म्हणतात, शाळेतली पोरंही. आमची आजी मात्र मालवणीत ‘कावलंय मी’ म्हणाली, की हीच मावशी पाहुण्यांसमोर तिला दटावायची, ‘आई, नीट बोल गं.’ आजीचं ते कावणं आमच्यापर्यंतच धड आलं नाही, नातीपर्यंत कुठून पोचणार? फणकारा, त्रागा, फुरंगटणं यांचंही तेच. पोरगी गाल फुगवून बसली, की घरातलं प्रत्येक माणूस तिला विचारतं, ‘क्रँकी झालीस का गं?’ मावशीसुद्धा.