सात दिवस कोंडून गर्द सुटत नाही

‘गर्द सोडवण्याचा रामबाण उपाय’ हा फॉरवर्ड काल आत्यापर्यंत पोचला आणि लगेच तिचा फोन आला, “अगं, त्याची ती जिभेखालची गोळी आजपासून बंद करू का?” तो कोण, ते सोडा. पण आता गप्प बसवत नाही.

फॉरवर्डचं म्हणणं असं: ब्युप्रेनॉर्फिनची गोळी (गर्द सोडवायला डॉक्टर देतात ती, जिभेखालची) म्हणजे सरकारी शिक्क्याचा गर्दच. त्यापेक्षा पोराला सात दिवस खोलीत कोंडा, लिंबूपाणी पाजा, विष निघून जाईल. केळी-बदाम खाऊन डोपामिन, म्हणजे मेंदूतलं सुखाशी जोडलेलं रसायन, भरून येतं. एवढ्यावरही नाही सुटलं तर त्याच्यात जिद्द नाही.

आधी कोंडण्याचं बघू, कारण त्यात जीव जातो. गर्द म्हणजे भेसळीचं हेरॉइन. शरीरात त्याचं मॉर्फिन होतं आणि ते मेंदूतल्या पेशींवरच्या ‘म्यू’ नावाच्या रिसेप्टरना, म्हणजे असे पदार्थ जिथे बसतात त्या खाचांना, चिकटतं. मेंदूच्या बुंध्याशी लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा पुंजका आहे. आपल्याला जागं, सावध ठेवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन तिथून सुटतं. गर्द त्या पेशींना दाबतो, आणि रोजच्या दाबाला पुरून उरायला त्या आपला जोर वाढवत नेतात. मग एक दिवस माल मिळत नाही. दाब जातो, जोर तसाच राहतो. नाक गळतं, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, जुलाब, पोटात पिळवटून येतं, डोळ्याला डोळा लागत नाही. हीच टर्की. आठ-बारा तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते, आठवडाभरात बरीचशी ओसरते. तेवढा सात दिवसांचा हिशेब बरोबर, आणि उलट्या-जुलाबात पाणी पाजायचंच असतं. पण ‘विष’ म्हणाल तर ते टर्की ऐन भरात येण्याआधीच शरीरातून बहुतेक गेलेलं असतं.

खरा धोका आठव्या दिवशी, दार उघडल्यावर. तलफ कित्येक महिने जात नाही, पण शरीराची सवय मात्र उतरलेली असते. पूर्वी पचायची तेवढीच पुडी आता घेतली की श्वास मंदावतो, आणि कधी थांबतोच.

२००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वीडनमधला एक प्रयोग छापून आला. हेरॉइनच्या आहारी गेलेले ४० जण. २० जणांना वर्षभर रोज ब्युप्रेनॉर्फिन. उरलेल्या २० जणांचं सहा दिवसांत कमी करत बंद, पुढे औषध नसलेली गोळी. समुपदेशन दोघांनाही सारखंच. वर्षाअखेर पहिल्या गटातले १५ जण उपचारात टिकून होते. दुसऱ्यातला एकही नाही, आणि चौघं दगावले होते. त्यांना तर समुपदेशन तरी होतं. फॉरवर्डमध्ये फक्त कडी आणि लिंबू आहे.

आता ‘गोळी म्हणजे गर्दच’. ब्युप्रेनॉर्फिन ओपिऑइड, म्हणजे अफू-हेरॉइनच्याच जातीचं औषध आहे, एकदम तोडलं तर त्रास होतो, काही जण ते विरघळवून टोचतातही. हे नाकारत नाही. म्हणून तर बऱ्याच गोळ्यांत नॅलोक्झोन मिसळतात. जिभेखाली ते जवळपास निष्क्रिय, टोचलं की टर्की आणतं. पण ब्युप्रेनॉर्फिन त्याच रिसेप्टरला घट्ट धरून बसतं आणि त्याला अर्धवटच चालवतं. टर्की येत नाही, पुडीची किक बसत नाही, आणि एका मर्यादेनंतर डोस वाढवला तरी श्वास आणखी दबत नाही. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या तर मात्र ही हमी राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे २००५ पासून आहे. डोस कमी करायचा की नाही, कधी, ते डॉक्टरांशी बोलून ठरतं, सोसायटीच्या ग्रुपवर नाही.

जिद्दीबद्दल एवढंच: गोळीसाठी रोज व्यसनमुक्ती केंद्रावर जाऊन रांगेत उभं राहायला ती लागतेच.

राहिली केळी. त्यांत डोपामिन असतं, पण खाल्लेलं डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. तरी खुशाल खा. फक्त गोळी जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत थांबा.