पाहुण्यांच्या वहीतली सही

सर, नमस्कार.

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. खाली 'निवृत्त प्राध्यापक, परभणी' एवढीच सही आहे, म्हणून नुसतं सर म्हणते. विद्यापीठातल्या पोस्टडॉक संशोधकांना, म्हणजे पीएच.डी. झाल्यावर ठराविक मुदतीच्या फेलोशिपवर संशोधन करणाऱ्यांना, ओळखपत्र मिळावं, वसतिगृहात जागा मिळावी आणि त्यांचे कागद बघायला एक ठराविक माणूस असावा, असं मी त्या लेखात मागितलं होतं. तुम्ही लिहिलंत: "पीएच.डी. झाल्यावर ज्याला नोकरी लागत नाही तो पोस्टडॉक. त्याच्यासाठी विद्यापीठानं व्यवस्था उभी करायची म्हणजे बेकारीला दरबारी मान्यता देणं. मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत. सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) राबणाऱ्या पोरांपेक्षा या लोकांना कितीतरी जास्त पैसे मिळतात. आधी जागा भरा. हे अमेरिकेतलं खूळ मराठवाड्यात कशाला?"

रागानं लिहिलंत, पण ज्या ठिकाणी राग यायला हवा तिथूनच आलेला आहे, हे मला कळतं. म्हणून सविस्तर उत्तर देते.

पहिल्या वाक्याबद्दल आधी बोलते, कारण तेच मला सगळ्यात जास्त लागलं. 'नोकरी लागत नाही तो पोस्टडॉक.' हे मी गेवराई तालुक्यातल्या आमच्या गावात पारावरही ऐकलंय. दिवाळीला घरी गेलं की म्हातारी माणसं विचारायची, "काय माय, अजून शिकायलीस व्हय?" त्यांना मी उत्तर देऊ शकत नव्हते, कारण विद्यापीठालाही ते देता येत नव्हतं. मी शिकत होते की काम करत होते, हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

मी राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धेतून फेलोशिप मिळवून एका विद्यापीठात दोन वर्षं होते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, त्याची गरज नाही. रुजू व्हायला गेले तेव्हा आस्थापना विभागातले बाबू म्हणाले, "तुम्ही कर्मचारी नाहीत, शैक्षणिक विभागात जा." शैक्षणिक विभागात विचारलं, "नोंदणी क्रमांक काय?" नोंदणी पीएच.डी.ची असते, माझी ती संपलेली. मुलींच्या वसतिगृहात प्रवेशाची पावती मागितली, निवासस्थानांच्या यादीसाठी नेमणुकीचा आदेश मागितला. माझ्याकडे होतं फक्त दिल्लीहून आलेलं मंजुरीपत्र, इंग्रजीत, आणि त्या इमारतीतल्या कुठल्याच टेबलाला ते आपलं वाटत नव्हतं.

रात्री प्रयोगशाळेत थांबायचं तर गेटवर वही असायची. विद्यार्थ्यांची वेगळी, कर्मचाऱ्यांची वेगळी. सुरक्षारक्षक काका भला माणूस, पण त्यांच्याकडे तिसरी वही एकच होती, पाहुण्यांची. 'कोणाला भेटायचे' या रकान्यात मी दोन वर्षं माझ्याच विभागाचं नाव लिहिलं आणि पुढं सही केली. तुम्ही म्हणता मान्यता देऊ नका. सर, ज्या माणसाच्या नावावर विद्यापीठ शोधनिबंध मोजतं, विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत लावतं, तो माणूस पाहुण्यांच्या वहीत आहे. मी मागते आहे ती एवढ्यापुरती मान्यता.

आता पैशाचं. केंद्र सरकारच्या २०२३ च्या आदेशाप्रमाणे रिसर्च असोसिएटला, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधकाला, महिना ५८ हजार ते ६७ हजार रुपये आहेत. त्याआधी, २०१९ पासून, ते ४७ ते ५४ हजार होते. कागदावर ही रक्कम सीएचबीच्या कितीतरी वर आहे, तुमचं म्हणणं खरं आहे आणि मूळ लेखात मी ते लिहायला हवं होतं. पण ते पैसे हातात कसे येतात, हेही सांगू द्या.

वर्ष संपलं की उपयोगिता प्रमाणपत्र आणि खर्चाचं विवरण पाठवावं लागतं. त्यावर मार्गदर्शकाची सही, मग वित्त विभागाची, मग कुलसचिवांची. ते दिल्लीला पोचल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. माझं विवरण वित्त विभागात गेलं तेव्हा तिथं प्रश्न पडला की हे प्रकल्पाच्या लेखाशीर्षात घ्यायचं की शिष्यवृत्तीच्या. हा प्रश्न सुटायला पाच महिने लागले, पैसे यायला आठ. कोणी मुद्दाम अडवलं नव्हतं. प्रत्येक टेबलावर एक सभ्य माणूस बसलेला होता आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे आपलं काम नाही. त्या आठ महिन्यांत भावानं कापूस विकून माझं खोलीभाडं भरलं. कापसाला त्या वर्षी भाव नव्हता.

म्हणून लेखात मी एका माणसाची मागणी केली. नवी इमारत नको, नवं पद नको. सध्याच्याच एखाद्या कक्ष अधिकाऱ्याकडे लेखी जबाबदारी द्या की पोस्टडॉकचे कागद याच्या टेबलावर येतील. दर मार्चअखेर विवरण गेलं का, बाळंतपणाची रजा मागणारीचा अर्ज कुणी अडवला का, हे त्यानं बघायचं. रजेचंच बघा. केंद्राच्या आदेशात महिला संशोधकांना मातृत्व रजा स्पष्ट दिलेली आहे. तरी आम्ही काही पोस्टडॉक दर महिन्याला एकत्र बसतो, त्या गटातल्या एकीला सांगितलं गेलं की तुमच्यासाठी रजेचा नियमच नाही, फेलोशिप सोडा. तिनं आदेशाची प्रत काढून दाखवली तेव्हा रजा मिळाली. ती प्रत दाखवणारं माणूस विद्यापीठाचंच असावं, इतकीच अपेक्षा आहे.

मराठवाड्याला याचा काय उपयोग, असं तुम्ही शेवटी विचारलंत. हे मला थोडं लांबून सांगावं लागेल.

माझं काम तुरीच्या मुळांवरच्या गाठींवर होतं. त्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात, हवेतला नत्र झाडाला देतात. आपल्याकडं पेरणीआधी गुळाच्या पाण्यात जिवाणू संवर्धक कालवून बियाण्याला चोळतात, दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम, हे तुम्ही परभणीचे असल्यामुळं मी सांगायला नको. मे महिन्यात आपली काळी जमीन इतकी तापते की बरेचसे जिवाणू मरतात. तग धरून राहणारे कोणते, हे मी शोधत होते. अंबड, पैठण, बदनापूर, गेवराई इथल्या शेतांतून मुळं उपटून आणून मी १४० जिवाणू वेगळे केले होते. काही परीक्षानळीत, दर तीन-चार महिन्यांनी ताज्या माध्यमावर घ्यावे लागणारे. बाकीचे ग्लिसरॉलमध्ये, उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये.

माझी मुदत ३१ तारखेला संपली. सरांचं, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांचं, प्रमोशनचं वर्ष होतं, वर परीक्षा विभागाचं काम. हाताखालचा पीएच.डी.चा मुलगा केजचा, हुशार, पण तो गव्हावर काम करत होता. माझ्याकडून कुणी चार्ज घेतला नाही, कारण चार्ज कर्मचाऱ्याकडून घेतात. यादी मी वहीत लिहून कपाटात ठेवली. पुढच्या मेमध्ये वीज गेली, फ्रीजरचा कॉम्प्रेसर परत चालू झाला नाही, आणि ते चार दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात आलं. १४० पैकी किती वाचले, हे बघायलासुद्धा कुणी नव्हतं. केजच्या पोरानं फोन करून सांगितलं तेव्हा मी जालन्यात तासिकेवर होते. वर्गातून बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले.

पीएच.डी.चा विद्यार्थी पदवी मिळाली की जातो, जायलाच हवं. कायम प्राध्यापकाला शिकवायचं असतं, पेपर तपासायचे असतात, समित्या असतात. या दोघांच्या मधला माणूस यंत्राची नस ओळखतो, एचपीएलसी या रासायनिक पृथक्करणाच्या यंत्राचा कॉलम का चोकअप झाला ते सांगतो, नव्या पोराला पिपेट धरायला शिकवतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा मराठवाड्याच्या पाण्यावर, मातीवर कोण काय अभ्यास करतंय असं सगळे विचारत होते. अशा अभ्यासाला एका प्रबंधाचा काळ पुरत नाही. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचं बीडीएन ७११ हे तुरीचं वाण आपल्या शिवारात आलं, ते तिथं एकामागून एक माणसांनी वर्षानुवर्षं काम चालू ठेवलं म्हणून. विद्यापीठांच्या विभागांत तसा धागा धरून ठेवणारं कुणी असेल तर बहुतेक वेळा हा मधलाच माणूस असतो, आणि त्याला आपण दोन वर्षांनी वही कपाटात ठेवून जायला सांगतो.

मूळ लेखात मी 'पोस्टडॉक हीच विद्यापीठाची खरी ताकद' असं वाक्य लिहिलं होतं. ते मागं घेते. खरी ताकद कायम, पूर्णवेळ शिक्षक आहे, आणि जागा भरल्याच पाहिजेत या तुमच्या म्हणण्याशी माझं रतीभर भांडण नाही. फेलोशिप संपल्यावर मी स्वतः दोन वर्षं सीएचबी केलं आहे. उन्हाळ्याच्या सुटीत शून्य रुपये मिळतात म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. आमच्या गटात बसणारे सगळे आधी सीएचबीवर होते किंवा उद्या जाणार आहेत. ही दोन वेगळी माणसं नाहीत सर, एकाच माणसाची दोन वर्षं आहेत.

तुमची खरी भीती मला अशी वाटते, की पोस्टडॉकची सोय झाली की सरकार म्हणेल, चाललंय की, जागा कशाला भरायच्या. भीती रास्त आहे. त्यावर उपाय मात्र त्यांना बेनाम ठेवणं नाही. नोंद झाली तर किती जण किती वर्षं या स्थितीत आहेत ते मोजता येईल, आणि मोजलं तरच त्याला मर्यादा घालता येईल. तुम्ही अमेरिकेचं नाव काढलंत. तिथं राष्ट्रीय पोस्टडॉक संघटना २००३ मध्ये निघाली. कॅलिफोर्निया विद्यापीठात पोस्टडॉकची मुदत सहसा पाच वर्षांच्या वर नेता येत नाही असा नियम आहे, आणि तिथल्याच हजारो शैक्षणिक कामगारांनी २०२२ च्या हिवाळ्यात संप केला, त्यात पोस्टडॉकही होते. खूळ म्हणून सोडून देण्यासारखं यात मला काही दिसत नाही. आणि आपल्याकडंही फेलोशिप वाढावी म्हणून २०१८-१९ मध्ये देशभर संशोधक रस्त्यावर आले होते, त्यानंतर ती वाढली.

आपल्या राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या फेलोशिप देणाऱ्या सरकारी संस्थांमुळं आमच्यासारख्या घरांतली किती पोरं पीएच.डी.पर्यंत पोचली, हे तुम्ही मार्गदर्शक म्हणून पाहिलं असेल. पण या संस्थांची ती फेलोशिप पीएच.डी.पाशी संपते. ज्याच्या बापाची पुण्यात खोली आहे तो पुढची दोन वर्षं काढतो. ज्याचा बाप गेवराईला कापूस लावतो त्याला ओळखपत्र, वसतिगृहातली खाट आणि वेळेवर येणारा हप्ता लागतो. नाहीतर तो सोडतो. आणि सोडणाऱ्यांची कुठं नोंद होत नाही, कारण ते होते याचीच नोंद नसते.

आता एक गोष्ट, जिच्यासाठी मला तुमची मदत हवी आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या छाननीचा तक्ता आहे. त्यात 'अध्यापन किंवा पोस्टडॉक्टरल अनुभव' यासाठी वर्षाला २ गुण, जास्तीत जास्त १०. म्हणजे तुम्ही ज्याला बेकारी म्हणता, त्याला आयोगानं अध्यापनाच्या बरोबरीनं बसवलेलं आहे. माझे दोन वर्षांचे ४ गुण व्हायला हवे होते. एका ठिकाणी अर्ज केला तेव्हा मला तिथं शून्य मिळालं, आणि मुलाखतीची यादी माझ्या तीन गुण वर थांबली. छाननी करणाऱ्यांची चूक नव्हती. माझ्याकडच्या पत्रात लिहिलं होतं, 'यांनी आमच्या विभागात प्रकल्पावर काम केले आहे.' पदनाम नाही, पासून-पर्यंतच्या तारखा नाहीत, जावक क्रमांक नाही. असं पत्र मीसुद्धा नाकारलं असतं.

म्हणून आम्ही सात-आठ जण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एकत्र बसतो आणि कागद करतो. खर्चाचं विवरण भरायला एकमेकांना शिकवतो, रजेचे आदेश जमवतो. सध्या अनुभव प्रमाणपत्राचा एक नमुना तयार करतोय, जो कुठल्याही विभागप्रमुखाला कुलसचिवांच्या सहीसाठी पुढं पाठवता येईल. आमच्यापैकी कुणीच कधी निवड समितीत बसलेलं नाही. तुमच्या प्रतिक्रियेवरून दिसतं की तुम्ही बसला आहात. मसुदा दीड पानाचा आहे. तुम्ही होकार कळवलात तर उद्याच पाठवते. समितीच्या टेबलावर तो कुठं अडेल, तेवढं लाल पेनानं दाखवा.